सोडण्याचे कारण

दलाल म्हणाला, फ्लॅट बघा, माणसं कशाला बघता.
मी म्हटलं, फ्लॅट पाहून झाला.
हवा आहे, दोन बाजूंनी उजेड आहे,
ओट्याखाली झुरळांचं औषध ताजं आहे.
आता मला आधीचे दाखवा.

कोपरखैरणे, सेक्टर सतरा, लिफ्ट नसलेले चार मजले.
जिन्याखाली पत्रपेट्या. ३०४ची किल्ली कधीच हरवलेली,
म्हणून झाकण नुसतं लोटलेलं.
नावावर नाव चिकटवलेलं. नखानं कोपरा उचलला:
अहिरराव. त्याखाली लोपीस.
त्याखाली काहीतरी ण्णवर, बेळगावकडचं असावं.
त्याखाली सेलोटेपचा पिवळा डाग
आणि आत, बँकेच्या न फोडलेल्या पाकिटावर,
आणखी कुणीतरी.

सेक्रेटरी पोतनीसांनी रजिस्टर काढलं, उघडलं,
पण त्यावरचा हात काढला नाही.
लाल पेनानं, पट्टी लावून आखलेले रकाने:
नाव. मूळ गाव. पोलीस पडताळणी, हो की नाही.
आल्याची तारीख. गेल्याची तारीख. सोडण्याचे कारण.
शेवटच्या रकान्यात पाच वेळा एकच शब्द
एकाच वळणदार अक्षरात: वैयक्तिक.
पाच बिऱ्हाडं, चार वर्षं,
आणि अकरा महिने एकानंही पुरे केलेले नाहीत.

'मालक कसे आहेत?'
'मस्कतला असतात,' पोतनीस म्हणाले, जणू ते उत्तर होतं.
मग त्यांनी विचारलं, आधी कुठं होतात,
तिथून का निघालात, मिस्टर कधी येणार.
मी म्हटलं, वैयक्तिक.

गेटबाहेर, ट्रान्सफॉर्मरच्या सावलीत
रामसमुझची कोळशाची इस्त्री, मुठीला चिंधी बांधलेली.
त्याच्याकडेही वही आहे. रकाने नाहीत.
'तीनशे चार?' त्यानं इस्त्री विटेवर ठेवली.
'अहिररावबाईंचे रोज दोन पांढरे कोट यायचे.
दिवाळीनंतर एकच. मग नुसत्या चादरी, आठवड्याला नऊ.
मग चादरी पण नाही.
लोपीसच्या सगळ्या शर्टांना बुरशीचा वास.
कपाटामागची भिंत पाझरते, पावसात नाही, बारा महिने,
वरच्यांची मोरी आहे ना तिथं.
बेळगाववाल्यांची मुलगी खोकायची.
रात्री दोननंतर कारखान्यांकडून वास येतो.
आम्हाला आता येत नाही.'

'आणि डिपॉझिट?'
त्यानं पाणी शिंपडलं, कापड चरचरलं.
'माझे पैसे सगळे देऊन गेले. तेवढं लिहिलेलं आहे.
बाकीचं ऐकलेलं.
लोपीसचे चौदा हजार कापले, रंगाचे म्हणून.
रंग अजून तोच आहे. तुम्ही पाहिला असेल.'

पाहिला होता. फिका पिस्ता, स्विचपाशी काळा पडलेला.
आणि आतल्या खोलीच्या चौकटीवर पेन्सिलीच्या चार रेघा,
सगळ्यांत वरची माझ्या कोपराला लागणारी.
मनातल्या मनात मी तिथं अन्वयला उभाही केला होता.
तो दोन बोटं वर आला.

तिथूनच, कपड्यांच्या ढिगाला टेकून, दलालाला फोन लावला:
करारात लिहा, भिंत पाझरते. लिहा, रंग जुना आहे.
फोटो जोडा, तारीख घाला, पोतनीसांची सही घ्या.
तो म्हणाला, मॅडम, असं कुणी लिहीत नाही.
मी म्हटलं, म्हणूनच तर.
त्या कागदाची एक प्रत
पत्रपेटीत ठेवीन म्हणते, तळाशी,
माझ्यानंतर कुणी नखानं उकरायला आलीच तर.

रामसमुझनं वहीचं कोरं पान काढलं.
'किती असतील?'
शाळेचे दोन शर्ट. माझे तीन कुर्ते. चादरी नाहीत.
त्यानं पेन्सिल जिभेला लावली.
मी नाव सांगायला तोंड उघडलं, तर
त्यानं लिहूनही टाकलं होतं:
तीनशे चार.