मळखाऊ

दुकानातल्या मुलीनं पांढऱ्याच्या अकरा फरशा मांडल्या.
हा सायीचा, हा खडूचा, हा अंड्याच्या कवचाचा,
हा नुसताच पांढरा.
आयली निएमी, वय एकसष्ट,
तीस हिवाळे शाळेची बस चालवलेली बाई;
तिला एकट्या बर्फाचेच याहून जास्त पांढरे ठाऊक.
तिनं चार नमुने उचलले, वहीत सही केली,
आणि शेजारच्या सीटवर ठेवून
त्यांना पट्टा लावला.

आठवडाभर त्या बाथरूमच्या खिडकीत उभ्या.
सरोवरावरून सकाळी येतो तो उजेड निळसर,
दुपारी जरा पिवळा होतो न होतो
तोच संपतो.
चकचकीत फरशीत तिला स्वतःचं कपाळ दिसलं.
मॅट फरशीत काहीच दिसलं नाही.
मॅट घेतली.

सांध्यांत काय भरू? रेइनोनं विचारलं.
रेइनो मिस्त्री, गुडघ्यांना रबरी वाट्या बांधलेला,
बोलताना कानावरची पेन्सिल काढतो, परत खोचतो,
लिहीत काहीच नाही.
पांढरं भरलंस तर जन्मभर घासत बसशील.
राखाडी घे. मळखाऊ.

मळखाऊ.
आईला हे कुणी सांगितलं नव्हतं.
या गुलाबी फरशा बापानं हप्त्यावर आणलेल्या,
डुलूथच्या धक्क्यावर लोहखनिज भरणारा बाप;
तो टबात उतरला की पाणी लाल.
ती धूळ साबणाला जुमानायची नाही,
सांध्यांत शिरून बसायची
घरजावयासारखी.
शनिवारी आई गुडघ्यांवर,
हातात त्याचाच जुना टूथब्रश.
रविवारी चर्च. सोमवारी पुन्हा लाल.
नवऱ्याला ती बोलली नाही कधी.
फरशांना बोलायची, फिनिशमध्ये, दात आवळून;
ते शब्द आयलीला पुढे
कुठल्याच शब्दकोशात सापडले नाहीत.

मंगळवारी रेइनोनं औषधांचं कपाट उपटलं,
मागची भिंत फोडली
आणि हाक मारली.
दोन लाकडी खांबांच्या मधल्या पोकळीत
दाढीच्या पात्यांचा ढीग.
कपाटाच्या पाठीला एक चीर असायची तेव्हा,
बोथट पातं तिच्यात सोडायचं,
भिंत गिळायची.
ही कधीतरी भरेल
असं कुणाच्या मनातही आलं नसावं.
जुन्या घरांत निघतातच, रेइनो म्हणाला
आणि फावडं आणायला गेला.

ती उकिडवी बसून राहिली.
आठवड्याला एक पातं धरलं तर,
वर्षाची बावन्न,
पण संपाच्या उन्हाळ्यातली वजा,
तेव्हा त्यानं दाढीच केली नव्हती.
आईला पोचवलं त्या सकाळचं
सगळ्यात वर असणार;
की त्याच्या आधीच तिनं त्याला
विजेचं यंत्र आणून दिलं होतं?
आठवेना.
सगळा ढीग गंजून एकजीव,
रंग तोच, धक्क्याचा.
आई अलीकडून घासत होती,
पलीकडे साठत होतं.

पाती कॉफीच्या डब्यात भरली.
डबा गॅरेजमध्ये आहे, रस्त्यावर टाकायच्या मिठाच्या पोत्याशेजारी.
कचऱ्याच्या गाडीला तो कसा द्यायचा
हे विचारायला नगरपालिकेला फोन करायचा आहे.

राहता राहिला नळ.
ब्रश केलेलं निकेल घ्या, दुकानातली मुलगी म्हणाली,
बोटांचे ठसे दिसत नाहीत.
आयलीनं क्रोमवर बोट ठेवलं. उचललं.
रेषांसकट उमटलं.
हा.
मुलगी गोंधळली. सांधे मळखाऊ,
आणि नळ असा चहाडखोर?
आयलीला नीट सांगता आलं नसतं.
घरात आता एकटीचीच बोटं,
दिसली तर दिसू देत, एवढंच म्हणाली,
आणि शिवाय
चाळीस डॉलर स्वस्त आहे.