चाळीस लिटर

गाडी माझीच होती.
हे अजून कोणाला सांगितलेलं नाही.

सिमरोलच्या पुढे, घाट लागायच्या आधी
डावीकडे एक कच्ची वाट फुटते.
तिच्या तोंडाशी गेंदाबाई डावरचं खळं,
शेणानं सारवलेलं, बैठकीच्या खोलीसारखं.
आम्हाला ते पार्किंग वाटलं.
सपाट जागा दिसली की शहरातल्या माणसाला
दुसरं काही सुचत नाही.

रविवारी पहाटे राजेंद्रनगरहून निघायचं,
मागच्या रॅकवर सायकल, डिकीत हेल्मेट, केळी.
टेकडीवरची पायवाट पराग जांभेकरनं शोधली.
नाव पण त्यानंच दिलं : सापसुरळी.
नुसत्या शेळ्या जायच्या तोवर
तिला नावाची गरज पडली नव्हती.

आधी दोन गाड्या. होळीपर्यंत बारा.
पहिल्यांदा गेंदाबाईनं पाणी विचारलं, तांब्याभरून.
मग गव्हाच्या राशी एका कडेला ओढल्या.
मग आडवी बाज टाकली;
आम्ही ती उचलून, नीट, भिंतीला लावून ठेवली.
नीट ठेवली, याचं आम्हाला कौतुक होतं.

त्या दिवशी मला उशीर झाला.
खळं भरलेलं. मी वाटेच्या तोंडावरच लावली,
तासाभराचा तर प्रश्न.
वर गेल्यावर तास कोण मोजतो?
वैशाखातसुद्धा वर वारा असतो,
पळसाच्या मुळांवरून चाक उडतं
आणि पन्नाशीची बाई क्षणभर
कोणाचीच कोणी नसते.

सगळ्यांत आधी खाली आले ती मी.
गाडी गुपचूप मागे घेतली.
बघायला एक शेळीवाला पोरगा,
तोंडात बाभळीच्या शेंगेचा तुकडा.

डेअरीचा टेम्पो आठला आला होता,
हॉर्न देऊन देऊन परत गेला.
आत, चार घरांचं दूध, चाळीस लिटर.
पोरांनी कॅन डोक्यावर घेऊन
डांबरी गाठेपर्यंत टेम्पो महूच्या वाटेला.

गेंदाबाई ओरडली नाही.
एकेकाला बोलावून कॅनचं झाकण उघडायची :
वास घ्या.
अकराचं ऊन. बारा जणांनी वास घेतला.
जांभेकर म्हणाला, रस्ता शासकीय आहे,
आणि मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा काढला.
तिनं नकाशाकडे पाहिलं,
त्यात तिचं खळं नखाएवढं होतं.

पुढच्या आठवड्यात पटवारी साखळी घेऊन आला.
सारवणावर चाकांच्या खुणा होत्या अजून.
त्यानं मापून सांगितलं :
पुढची दोन चाकं सरकारच्या जमिनीत,
मागची दोन बाईंच्या.
सगळे हसले. मी जरा जास्तच.

कोणाची गाडी, यावर मग कोणी बोललं नाही.
साठ रुपये लिटर, चोवीसशे झाले,
डोईला दोनशे.
मीही दोनशेच दिले, सगळ्यांइतकेच.
तिनं पैसे घेतले, दोनदा मोजले, कनवटीला लावले
आणि वाटेवर चुना फासलेले दगड मांडले.

जांभेकर मंडळी आता चोरलच्या बाजूला जातात.
तिकडे म्हणे जागा मोप आहे.
मी गाडी सिमरोलच्या बाजाराच्या मैदानात ठेवते,
दहा रुपये, पावती नाही,
आणि पाच किलोमीटर रेटत येते.

काल गेंदाबाई खळ्यात होती, तूर पाखडत.
सूप न थांबवता म्हणाली,
‘थांकी गाडी कठे?’
आणली नाही, मी म्हटलं.
तिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्या पोराकडे,
मग पायानं एक दगड सरकवला,
हँडल जाईल एवढाच.

टेम्पो येऊन गेला का,
एवढंच विचारायचं होतं मला.
पण लगेच चढ लागतो,
आणि चढावर बोलायला श्वास पुरत नाही,
असं मी धरून चालले.