अर्धा सेकंद मागे

गुरुवारी रात्री अकरा दहाला
तू पुन्हा लागतोस.
तोरुन्यच्या या चौथ्या मजल्यावर
मी पाय गरम पाण्यात सोडून बसते.
आवाज सतरावर. भिंतीपलीकडे हाल्श्का झोपलेली असते,
पण सोळावर तुझा खर्ज नीट लागत नाही.

इकडे रीतच तशी :
परदेशी सिनेमात माणसं पन्नास, आवाज एक.
नायिका ओठ हलवते,
तिचं इंग्रजी तळाशी पुटपुटत राहतं
आणि वर, अर्धा सेकंद मागे,
चहात साखर नको म्हणावं तशा सुरात, तू :
"मला मिठीत घे, रॉबर्ट."

एका हिवाळ्यात तुला पडसं झालं होतं.
त्या सिनेमातली राणी आजही
चोंदलेल्या नाकाने विष पिते.
कुणाला कळत नाही. मला कळतं.
साखरेत मुरवलेल्या कांद्याचा रस
मीच बाटलीत भरून दिला होता
स्टुडिओत न्यायला.

किती खून कबूल केलेस,
किती बँका लुटल्यास घोड्यावर न बसता.
त्या ब्राझिली मालिकेत
सातही बहिणी तूच, त्यांची सासूही तूच.
एकशे ऐंशी भाग भांडलास स्वतःशी,
आवाज न चढवता.

घरी मात्र घुम्मा.
"घशाचा पगार मिळतो, बोगुमिला,"
हे एकदाच म्हणालास, लग्नानंतर महिन्याने.
पुढे मीठ हवं असेल तर
मिठाकडे बघायचास.
"माझं तुझ्यावर प्रेम आहे" हे वाक्य
बाराशे वेळा तरी ऐकलं असेन तुझ्या तोंडून,
स्वयंपाकघरात एकदाही नाही.

मध्यंतरी वाहिनीने जुन्या शेरीफवर
नवा आवाज चढवला.
कुणी तरणा, मधाळ,
वाक्यावाक्याला अभिनय करणारा.
मी फोन केला : शेरीफला रडवलंत हो तुम्ही.
त्या मुलीने नोंद घेतली म्हणे.
कसली वही असते त्यांच्याकडे, देव जाणे.

आपला तिमोन म्हणतो,
आजी, आता यंत्राला आजोबांचा आवाज शिकवता येतो.
हवं ते बोलतील. तुझं नाव घेऊन
रोज शुभ रात्री म्हणतील.
मी त्याला सफरचंदाच्या केकचा कडेचा तुकडा दिला.
म्हटलं, बाळा, जन्मभर
लोकांनी लिहून दिलेलंच बोलला तो.
आता तरी सोडा त्याला.

परवा तो बंदरावरचा लागला होता.
तासाभराने धुकं येतं,
नायक तिच्या कानाशी वाकून काही सांगतो,
आणि तू गप्प.
चार सेकंद.
कागद उलटल्याचा आवाज, मग एक आवंढा.
पान हरवलं होतं?
की त्याच आठवड्यात आपण अबोला धरला होता
तुझ्या बहिणीला द्यायच्या पडद्यांच्या रंगावरून?
(मी सांगितलेला हिरवाच बरोबर होता.)
तिमोनला इंग्रजी येतं. "सांगू, काय म्हणाला तो?"
मी ओठांवर बोट ठेवलं.
प्रत्येक वेळी त्या चार सेकंदांत
मी पाण्यातले पायसुद्धा हलवत नाही.

शेवटी नावं वर चढत जातात,
कॅमेरा, वेशभूषा, घोडे सांभाळणारे,
आणि संगीत विझता विझता
तू म्हणतोस : "वाचन, इग्नात्सी व्होलाक."
हेच एक वाक्य, ज्याच्या तळाशी
दुसऱ्या कुणाचा आवाज नसतो.

लगेच कवळीच्या चिकटाची जाहिरात.
पाणी केव्हाच गार झालेलं.
मी टॉवेल शोधत असते
तेवढ्यात हाल्श्का पलीकडून भिंतीवर
दोनदा टकटक करते.
म्हणजे आजही
जागीच होती.