शेपूट पाहा

भांडेवाडीच्या वजनकाट्यावर बसतो देवानंद उईके.
कचऱ्याचे ट्रक तोलतो,
मधल्या वेळात घारी पाहतो.
माझ्या गळ्यातली दुर्बीण पाहून हसला,
"साहेब, रंगावर नका जाऊ.
संध्याकाळी इथं साऱ्याच तांबड्या दिसतेत."

खरं होतं. साडेपाचचं ऊन
कचऱ्याच्या डोंगरावर आडवं पडलेलं
आणि एकूणएक घार विटेसारखी भाजलेली.
मी वहीत लिहिलं होतं: तांबडी, सहा.
खोडलं.

"शेपूट पाहा. खाच असली
माशाच्या शेपटीवानी, तर आपली रोजची.
पंख हलवत नाही ते, नुसती शेपूट पिळते अन् वळते.
शेपूट गोल, डोकं पांढरं, तर तलावावरची पाहुणी.
एकच आली होती इकडे, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी."

"ओळखलीस कशी?"

"वर पाहिलंच नव्हतं आधी.
रोजच्या शिट्टी थरथरवतेत.
हे कण्हली,
तापातलं लेकरू कण्हते तशी."

ट्रक आला. काटा हलला, थांबला.
नऊ टन चारशे, त्यानं लिहिलं,
आणि मान खालीच ठेवून म्हणाला,
"तुमच्या डोक्यावर."

मी दुर्बिणीचं झाकण काढेस्तोवर
सावली वहीवरून सरकून गेली.
सावलीला रंग नव्हता,
शेपूट मात्र होती, स्वच्छ, काठासकट.

खाच होती का?
मी तेव्हा त्या खोडलेल्या सहाकडे
बघत होतो.