आधी माणसं आत

हमरियातलं गोदाम, शेड नंबर अकरा.
जूनच्या मध्यापासून साडेबारा ते तीन
बाहेरचं काम बंद.
उन्हाला इथे तेवढा सरकारी मान आहे.
हमाल पुठ्ठे अंथरून पडतात.
मी आणि थान मिस्त्री जागे:
त्याला झोप येत नाही, मला स्टॉकचं रजिस्टर सोडत नाही.

सुरुवात व्यवहारानेच झाली.
खोक्यांवरचं वाचता येईना.
दोनदा नळाच्या तोट्या म्हणून
अजमानला बिजागऱ्या गेल्या,
पगारातून एकशेचाळीस दिरहम कापले.
म्हटलं, थान, शिकव बाबा.

त्याने बोट पाण्यात बुडवून
काँक्रीटवर एक आडवी ओढली, मग उभी.
दहा.
मी उभी आधी ओढली, मग आडवी.
दिसायला तेच. अगदी तेच.
त्याने तळव्याने पुसून टाकलं.

दिसायला तेच, हे त्याला चालत नाही.
क्रेनचे बोल्टसुद्धा तो ओळीने आवळत नाही,
एक इकडचा, एक समोरचा,
आणि हेल्परने ओळीने आवळले
तर सगळे सोडून पुन्हा बसवतो.

पाणी असं:
मधला कणा आधी, त्याला खाली आकडा,
मग डावा हात, मग उजवा.
उजवा होईपर्यंत डावा उडून गेलेला.
पंचेचाळीस अंशांत त्या फरशीवर
माझं एकही पाणी मी पुरं पाहिलेलं नाही.

ऑगस्टात एकदा चौकोनात चौकोन.
डावी भिंत.
मग वरून जाऊन, हात न उचलता, उजवी.
मग आतलं धाकटं घर.
खालची रेघ सगळ्यात शेवटी.
'आदमी अंदर, बाद में दरवाजा.'
याचा अर्थ काय, विचारलं
तर हाताचं विमान केलं, थोडं पुढे नेलं,
आणि वळवून छातीशी आणलं.
परत.

मला मालंडकर बाई आठवल्या, दुसरी ब.
मी आधी रेघ ओढायचो
आणि तिला अक्षरं टांगायचो,
दोरीवर लंगोट वाळत घालावेत तशी.
बाई म्हणायच्या, मेल्या,
भिंती उभ्या नाहीत आणि छप्पर घालतोस?

थानला सांगू पाहिलं,
आमचं छप्पर शेवटी, तुमचा उंबरा शेवटी.
माझ्या हिंदीत ते बसेना, त्याच्या हिंदीत तर नाहीच.
मग त्याचंच नाव काढून दाखवलं.
'थ'चं डोकं अर्धं उघडं ठेवायचं, हे त्याला फार आवडलं.
खडू घेऊन त्याने पहिली ओढली ती वरची रेघ.
मी तळव्याने पुसून टाकलं.
दोघेही इतके हसलो की हमाल जागे झाले.

सप्टेंबरात दुपारची कामं सुरू झाली.
त्याची सुट्टी मंजूर होती,
मुलीसाठी घेतलेली बॅग महिनाभर खाटेखाली.
एका रात्री कंपनीची गाडी आली
आणि त्याला ओमानला घेऊन गेली, दुक्म बंदरावर,
तिथली क्रेन अडली होती.
सुट्टी पुढच्या वर्षी बघू, म्हणाले.
मी तेव्हा खोलीवर, घोरत.

सकाळी खांबावर खडूने चौकोनात चौकोन.
ठसठशीत, सरळ. कुणालाही वाटेल, बरोबर आहे.
मलाही वाटलं असतं, मार्चमध्ये.

पण खडू चाडी करतो.
कोपऱ्यात कुठली रेघ कुठलीवर चढली
ते जवळ गेलं की दिसतं.
डावी भिंत खालच्या रेघेवरून उतरली होती.
उजवीही.
आतलं घर सगळ्यात शेवटी, घाईत,
एक कोपरा उघडाच.

मी तळवा ओला केला.
बाहेर ट्रेलर लागला होता, ड्रायव्हर हॉर्न मारत होता,
दोनशे साठ खोकी, तोट्या.
वाचून घेतली.
खांब तसाच आहे.