दात कोरून

दात कोरून पोट भरत नाही, असं आमच्याकडे म्हणतात.
रॉकफर्डच्या कम्युनिटी कॉलेजात
फी भरून मी नेमकं तेच शिकतेय,
एकोणचाळिसाव्या वर्षी,
बार्शीच्या पतपेढीत नऊ वर्षं
लोकांचे थकलेले हप्ते मोजल्यावर.

आता हिरड्यांची खोली मोजते.
एका दाताला सहा ठिकाणी सळईचं टोक:
तीन, दोन, तीन.
पाच आला की आवाज खाली आणायचा,
कारण तोंड उघडं असलं तरी
माणसाचे कान बंद नसतात.

परीक्षेचा पेशंट आपला आपण शोधायचा,
आणि त्याच्या दातांवर भरपूर कीटण हवं.
नवऱ्याचे दात पाहिले. लाज वाटावी इतके स्वच्छ.
मग किराण्याच्या रांगेत, गणपतीच्या आरतीत
मी देव सोडून लोकांच्या जबड्यांकडे बघत राहिले.

आमच्याच इमारतीत, कॉरिडॉरच्या पलीकडे,
बालशिक्षणाचा वर्ग भरतो.
तिथली डार्लीन त्रेपन्न वर्षांची.
सव्वीस वर्षं स्क्रूच्या कारखान्यात, मग कारखान्याला कुलूप,
आता वीतभर खुर्च्यांवर बसून गोष्ट सांगायला शिकते.
उठताना गुडघे वाजतात.
हसताना तोंडावर हात.

मी तो हात कितीदा पाहिला होता.
पण कसं विचारणार एखाद्या बाईला,
की तुझे दात माझ्या कामाचे आहेत?

तिनेच विचारलं, कॉफीच्या मशीनपाशी:
तुझा मुलगा चार वर्षांचा ना?
मला सहा आठवडे एक मूल हवंय. नुसतं बघायला.
मी म्हटलं, मला एक जबडा हवाय.
तिने एकदम हात तोंडावर नेला,
आणि त्या हाताआडून म्हणाली, ठरलं.

तिच्या वर्गाचा नियम कडक:
दिसलं तेवढंच लिहा.
हट्टी लिहायचं नाही, गोड लिहायचं नाही, लाजरा तर नाहीच.
बाई लाल पेनाने विशेषणं खोडतात.
मला बरं वाटलं. माझ्या तक्त्यातही
फक्त आकडेच असतात.

शनिवारी ती खुर्चीत आडवी झाली.
खालच्या पुढच्या दातांमागे
वीस वर्षांच्या सिगारेटींचा थर, विटेसारखा.
चार. सहा. सहा.
सात मी जवळजवळ पुटपुटलेच.
खरवडताना मधेच तिचं बोट वर झालं.
थांबले. दुखतंय?
नाही, म्हणाली, हा आवाज. लेथ मशीन आठवलं.
आमच्याकडे केसाएवढी चूक झाली
तरी अख्खी पेटी भंगारात जायची.
मग तोंड उघडलं, आणि डोळ्यांनी खूण केली: चालू दे.

तीन शनिवार लागले.

परवा तिने निहारवरची वही दाखवली.
९.१२. मूल बाहुलीला पाठीवर झोपवते.
९.१४. चमच्याचा दांडा बाहुलीच्या तोंडाशी. मूल आकडे मोजते, घरच्या भाषेत.
९.१५. बाहुलीचं तोंड उघडत नाही. मूल थांबते. वाट पाहते.
९.१७. मूल बाहुलीच्या कपाळावर हात ठेवून म्हणते,
झालं हं, झालंच.

ते शब्द तिने इंग्रजी अक्षरांत
ऐकू आले तसे लिहिलेत. एका अक्षराचीच चूक.
मी कधी म्हणते असं? मी विचारलं.
ती म्हणाली, सतत. सातच्या वेळी तर दोनदा म्हणालीस.

खाली तिने आणखी एक ओळ लिहिली होती:
याचा अर्थ मला ठाऊक आहे.
त्यावर बाईंची लाल रेघ,
समासात शेरा: हे निरीक्षण नव्हे.
एक मार्क कापलेला.

डार्लीन तो मार्क मला दाखवत होती,
वही दोन्ही हातांत धरून,
खदखदा हसत.