दोन लाल

टीव्ही डेरेककडून घेतला, चाळीस पौंडांना.
तो खालच्या दुकानात मासे तळतो.
"फुल एचडी आहे," म्हणाला.
टीव्हीला व्हिनेगरचा वास येत होता,
अजून येतो, तापला की.

केतकी एक आड एक शनिवारी येते
डरहॅमहून गेट्सहेडला, एकवीस नंबरच्या बसने.
या वेळी दप्तरात कन्सोल होता,
स्वेटरमध्ये गुंडाळलेला, मांजरीच्या पिल्लासारखा.
आईकडे नवा आलाय. हा आता इथे राहणार.
त्याच्या पाठीत एकच चपटं भोक,
पण तिथून निघणाऱ्या वायरीला पाच तोंडं.

"पिवळ्या वायरीने धूसर दिसतं, बाबा.
ही लावली की एकदम स्वच्छ."
ती चिप्सचे हात धुवायला गेली.
मी म्हटलं, लावतो मी, त्यात काय.

भिंत आणि रेडिएटर यांच्यामधल्या वीतभर जागेत
मान घालून, मोबाइल दातात धरून,
मी नेहमीचंच केलं.
निळा मला कळतो.
पांढरा कोणालाही कळेल.
उरलेल्या तिघांत एक फिका, दोन काळपट.
फिका तो हिरवा, काळपट ते लाल,
हे गणित मला शाळेपासून पाठ.
पण दोन लाल?
एक चित्राचा असतो, एक आवाजाचा,
हे ठाऊक नव्हतं.
लावले आपले, हाताला लागतील तसे.

चित्र आलं. काय चित्र आलं!
गवताचं पातं न् पातं मोजावं,
खेळाडूच्या बुटाची नाडीसुद्धा सुटी.
फक्त आवाज घरघरत होता,
पिठाच्या गिरणीत माशी अडकावी तसा.

"आवाजाचं काहीतरी बिनसलंय," मी म्हणालो,
"चित्र मात्र झकास."
केतकी दारात, ओल्या हातांनी.
"झकास? बाबा, माणसं हिरवी आहेत.
सगळीच्या सगळी."

मी माणसांकडे पाहिलं.
माणसं माणसांसारखी होती.

भुसावळला रेल्वेच्या डॉक्टरने
ठिपक्यांचं पान पुढे धरून विचारलं होतं, आकडा सांग.
मी म्हटलं, ठिपके आहेत.
त्याने दुसरं पान धरलं. मग तिसरं.
मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाला,
कॉमर्सला जा.
गेलो. इथवर आलो त्याच्यावर.
तोट्याचे आकडे लाल असतात म्हणे,
मी वजाबाकीची रेघ बघतो.
मोज्यांच्या जोड्या तिची आई लावून ठेवायची,
न बोलता. आता सगळे मोजे काळेच घेतो.

हे एवढं काही मी केतकीला सांगितलं नाही.
एवढंच म्हटलं: मला तो फरक दिसत नाही.

मग जे सगळेच करतात ते तिने केलं.
"हे कुठलं? हा पडदा? माझी जीभ?
सिग्नल कसा कळतो तुला?"
वरचा लागला की थांबायचं.
"आणि स्ट्रॉबेरी?"
चव बघून.
"मी जन्मले तेव्हा मी लाल होते का?"
याचं उत्तर मला पटकन सुचलं नाही.
रडत होतीस, म्हणालो.

ती टीव्हीमागे शिरली. नुसते पाय बाहेर,
मोज्यांची जोडी बरोबर.
आतून आवाज, "दोन्ही लाल उलटे लावलेस.
हे कोणाचंही होतं हां, तुझ्यामुळे नाही."
एकदम घरघर थांबली,
आणि चित्र, माझ्यापुरतं, तसंच राहिलं.

कागदी पट्टी फाडून तिने प्रत्येक तोंडाला बांधली,
बॉलपेनने एकावर चि, एकावर आ.
आ चा काना तिने अलीकडे काढला,
मी काही बोललो नाही.

पडदा आडवा दुभागला. दोन गाड्या,
बाहेर पाच वाजता काळोख,
खालून तळणीचा वास.
"बाबा, तू लाल गाडी," ती म्हणाली.
"थांब. नाही. तू खालची."